तीनशे पंचवीस शब्द

व्हर्लिन हॅस्केटने एकोणचाळीस वर्षे लाकूड कापायच्या गिरणीत ओल्या फळ्या ओढल्या. करवतीतून निघालेली फळी साखळीवरून सरकत येते. तिची जाडी आणि लांबी एका नजरेत हेरायची, हाताने ओढून घ्यायची आणि तिच्या थप्पीवर टाकायची. बाहेरच्यांना वाटते हे ताकदीचे काम आहे. तसे ते नाही. फळीचे वजन शक्य तेवढा वेळ साखळीवरच राहू द्यायचे आणि नेमक्या क्षणी कंबर फिरवायची. हे ज्याला जमले नाही त्याची पाठ दोन वर्षांत जायची. व्हर्लिनची पाठ शाबूत होती. गुडघे मात्र गेले होते.

एल्डर फोर्क गावात त्याच्याबद्दल एवढेच म्हणत, की कामाला चोख आणि बोलायला मुका. दोन्ही खरे होते.

गिरणीत साल सोलायचे यंत्र होते. ओंडका त्यात फिरत जातो आणि दाते त्याची साल ओरबाडून काढतात. एका सप्टेंबरात, सकाळच्या पाळीत, सालीचा गोळा त्यात अडकला. तो काढायला माणूस आत शिरणार असेल तर यंत्र बंद करायचे, बटणावर स्वतःचे कुलूप घालायचे, कुलपाला लाल चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर आपले नाव आणि तारीख लिहायची. आपली चिठ्ठी लागल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे गिरणीत पहिल्या दिवशी शिकवतात. त्या यंत्रावरच्या ड्यूई स्ट्राउडने तसेच केले. फोरमन म्हणाला, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला वीस मिनिटे जातात, चालू यंत्रातूनच गोळा काढ. ड्यूई नाही म्हणाला. फोरमनने लोखंड कापायची मोठी कात्री आणली, ड्यूईचे कुलूप कापले आणि यंत्र चालू केले. ड्यूई तरी आत गेला नाही. फोरमनने त्याला घरी पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कागदावर लिहिले, कामावर दारू पिऊन आला म्हणून काढला.

व्हर्लिन तिथून दहा फुटांवर उभा होता. फोरमनने त्याला विचारले होते, "व्हर्लिन, तुला आला ना वास?"

ड्यूई दारूला शिवत नव्हता. चर्चमध्ये वाइनऐवजी द्राक्षाचा रस वाटतात, तेवढाच त्याच्या पोटात जायचा. हे व्हर्लिनला ठाऊक होते.

"मी लांब होतो," व्हर्लिन म्हणाला.

त्याच्या निवृत्तीला तेव्हा चौदा महिने होते.

असे काढलेल्या माणसाला राज्याच्या कामगार आयुक्तांकडे दाद मागता येते, पण एका वर्षाच्या आत. गिरणीच्या बाजूने तीन जण सही द्यायला तयार होते. ड्यूईच्या बाजूने कोणी नव्हते. तो व्हर्लिनची वाट बघत राहिला. तसे त्याने कधी म्हटले नाही. रस्त्यात भेटला की नुसता मान हलवायचा. व्हर्लिन नोव्हेंबरात निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी ड्यूईच्या दारात गेला.

"मी साक्ष देतो," तो म्हणाला.

ड्यूई पोर्चच्या पायरीवर बसून बूट घालत होता. त्याने नाडी बांधून संपवली. "बारा महिन्यांची मुदत होती, व्हर्लिन. चौदा झाले."

फेब्रुवारीत ड्यूईचे हृदय थांबले. त्याला पुरायला गाव आले, पण चर्चच्या मागच्या बाकांवर लोक काय कुजबुजतात ते व्हर्लिनने ऐकले. यकृत गेले असेल, म्हणाले. इतकी वर्षे लपवून पीत होता, म्हणाले.

*

त्यांच्या ऑरेगन राज्यात मत टपालाने द्यायचे असते. त्याआधी घरोघर एक जाड पुस्तिका येते. तिच्यात प्रत्येक उमेदवाराचा फोटो आणि त्याचे निवेदन असते. पुस्तिका दोन-तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून राहते आणि माणसे कॉफी पिता पिता ती चाळतात. एका वर्षी कुणा अनोळखी माणसाने आपल्या निवेदनात सगळे शब्द शेजाऱ्याशी चाललेल्या विहिरीच्या भांडणावरच खर्च केले होते. तो अर्थातच पडला. पण त्याची विहीर सगळ्या राज्याला माहीत झाली. व्हर्लिनच्या ते लक्षात राहिले होते.

ड्यूईला जाऊन वर्ष होत आले तेव्हा कामगार आयुक्ताची निवडणूक लागली. त्या जागेला पक्ष लागत नाही. कोणीही नाव देऊ शकतो. व्हर्लिनने अर्जाचे शंभर डॉलर भरले आणि नाव दिले. आयुक्त व्हायचे त्याच्या मनात नव्हते. त्याला पुस्तिकेतली जागा हवी होती, तीनशे पंचवीस शब्दांची. त्या जागेची फी तीन हजार डॉलर, नाहीतर पाचशे मतदारांच्या सह्या. तीन हजार त्याच्याकडे नव्हते. पाय होते, जसे होते तसे.

निवेदन त्याने अकरा वेळा लिहिले. शेवटचा मसुदा असा सुरू होत होता: "माझे नाव व्हर्लिन हॅस्केट. ड्यूई स्ट्राउड दारू प्यायला नव्हता. मी दहा फुटांवर होतो. मी खोटे बोललो." पुढे कुलपाची सगळी हकीकत होती. मत द्या असे त्यात कुठेही नव्हते.

ड्यूईची बायको आर्डिथ हिला त्याने फक्त एवढे सांगितले, की पुस्तिकेत ड्यूईचे नाव स्वच्छ होईल.

"काय लिहिलंयस?"

"छापून आल्यावर वाच."

आर्डिथने त्याच्या पुढ्यात मक्याचा पाव ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिली. "मी मेच्या एक तारखेला पेंडलटनला चाललेय, बहिणीकडे, फर्नकडे. घर विकलं. हे सगळं त्याच्या आत व्हायला हवं, व्हर्लिन. मी इथे असताना लोकांनी वाचायला हवं. माझ्याकडे बघून मान खाली घालायला हवी एकदा तरी."

"एप्रिलमध्ये येते पुस्तिका."

"नक्की?"

"नक्की."

*

सह्यांचे कागद टपालाने आले. प्रत्येक कागदावर दहा ओळी, आणि तळाशी सह्या गोळा करणाऱ्याने सही करायची जागा. सगळ्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या अशी हमी, खाली नाव, तारीख. जानेवारीच्या नऊ तारखेला, शनिवारी सकाळी, व्हर्लिनने टेबल पुसले, चांगले पेन काढले आणि ऐंशीच्या ऐंशी कागदांवर तळाशी सही केली, तारीख घातली. एकोणचाळीस वर्षे त्याने दुसरे काही केले नव्हते. आधी आपले नाव आणि तारीख लावायची, मग कामाला हात घालायचा. हमी कामाआधीच द्यायची असते. काम झाल्यावर नाव लावणाऱ्या माणसावर गिरणीत कोणी विश्वास ठेवला नसता.

मग आठवड्याने तो बाहेर पडला.

पहिल्या शनिवारी, सोळा तारखेला, कचरा डेपोवर उभा राहिला. गावाबाहेर घंटागाडी येत नाही, सगळ्यांना आपला कचरा घेऊन तिथेच यावे लागते. खिडकीत जीन टॉलिव्हर बसायचा. त्याचे सगळे आयुष्य ओंडक्यांचा ट्रक चालवण्यात गेले होते.

"काय रे व्हर्लिन, भीक मागायला लागलास?"

"सही दे."

"कशाला?"

"कामगार आयुक्तासाठी उभा आहे."

जीन इतका हसला की त्याची कवळी हलली. "तू? अरे, तुझं तोंड उघडलेलं मी फक्त जेवताना पाहिलंय!"

"सही दे, जीन."

"पक्ष कुठला ते तर सांग."

"या जागेला पक्ष नसतो."

"पक्ष नसतो? मग मत द्यायचं की शिव्या, ते माणसानं ठरवायचं कसं?"

"वाचून."

"वाचून म्हणे! ऐका." पण जीनने सही केली. मागे एक जोडपे फाटका सोफा टाकायला आले होते, त्यांच्याकडे बघून तो ओरडला, "ए, या म्हाताऱ्याला सही दिल्याशिवाय तुमचा सोफा आत जायचा नाही. परत घेऊन जा आणि बसा त्यावर!"

त्या दिवशी एकतीस सह्या झाल्या.

सही घेणे फळी ओढण्यापेक्षा अवघड आहे. फळी स्वतःहून सरकत येते. माणसाकडे आपल्याला जावे लागते. व्हर्लिन खाद्य-बियाण्यांच्या दुकानापुढे उभा राहिला, शेतकरी सभागृहातल्या पॅनकेकच्या न्याहारीला उभा राहिला, बोटी पाण्यात उतरवायच्या धक्क्यावर गारठ्यात उभा राहिला. लोकांनी कारण विचारले की तो एवढेच म्हणायचा, "पुस्तिकेत येईल." घरोघर फिरला तेव्हा कोणी कुत्रा सोडला. एका बाईने सही केली आणि त्याला बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही. बसलो तर उठता येणार नाही, असे त्याला वाटले. संध्याकाळी गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून तो प्रत्येक नाव वाचता येते का ते तपासायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी पाचशे पूर्ण झाल्या. मुदतीला अजून दहा दिवस होते.

"देऊन ये आता," आर्डिथ म्हणाली.

"काही बाद होतील. कुणाचा पत्ता बदललेला असतो, कुणाची सही जुळत नाही. सहाशेच्या वर पाहिजेत."

"पाचशे मागितल्यात ना त्यांनी?"

"जेवढ्यास तेवढं काम मी कधी केलं नाही."

त्याने सहाशे एक्केचाळीस गोळा केल्या. शेवटच्या दिवशी पहाटेच पिकअप काढली, साडेतीन तासांवरच्या राजधानीत, सेलमला गेला आणि चौसष्ट भरलेले कागद आणि एकच ओळ भरलेला पासष्टावा निवडणूक कचेरीच्या खिडकीत दिला. खिडकीतल्या बाईने गठ्ठ्यावर शिक्का मारला. "इतके नीटनेटके कागद क्वचितच येतात, मिस्टर हॅस्केट," ती म्हणाली. परत येताना त्याने वाटेत थांबून बर्गर खाल्ला. बर्गर त्याला खूप दिवसांनी चांगला लागला.

दोन दिवसांनी फोन आला.

"मिस्टर हॅस्केट, मी सेलमहून पॅट्रिस लिंडक्विस्ट. तुमच्या कागदांबद्दल बोलायचं होतं. तळाशी तुमची तारीख नऊ जानेवारी आहे."

"हो."

"सगळ्या कागदांवर?"

"हो. त्या दिवशी सगळे तयार केले."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पण लोकांनी सह्या केल्यात सोळा जानेवारीपासून पुढे. तुमची सही सगळ्यात शेवटी व्हायला हवी होती. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या, असं तुम्ही लिहून देताय. आणि तेव्हा तर कागद कोरा होता."

व्हर्लिनने खुर्ची ओढली. "त्यांनी माझ्यासमोरच केल्या. प्रत्येकानं."

"मला खात्री आहे तुमच्याबद्दल. पण त्या तारखेने कागद धरता येत नाहीत. एकही."

"मी आज येतो. तारखा बदलून देतो. समोर बसून बदलतो."

"शिक्का बसलाय, मिस्टर हॅस्केट. आणि मुदत परवा संपली." तिचा आवाज उतरला. "तुम्ही आठवडाभर आधी आणले असते ना, तर मीच तुम्हाला पेन दिलं असतं."

"बरं," व्हर्लिन म्हणाला. "आभारी आहे."

त्याने फोन ठेवला. मार्चची अकरा तारीख होती, सकाळचे सव्वादहा. तो टेबलाशी बसला आणि दुपारी दोनला उठला.

*

तो थेट आर्डिथकडे गेला, सांगायलाच. ती फोनवर बहिणीशी बोलत होती.

"हो फर्न, तुमच्याकडेही तीच पुस्तिका येते. सगळ्या राज्याला एकच. कामगार आयुक्ताचं पान काढायचं आणि सगळ्यांना दाखवायचं. हो, तुमच्या चर्चमध्येसुद्धा." तिने हात हलवून त्याला बसायची खूण केली. किती दिवसांनी तिने ओठांना लाली लावली होती.

व्हर्लिन बसला नाही. बाहेर गेला, शिडी लावली आणि तिच्या छपराच्या पन्हळीतली कुजकी पाने काढली. उतरायला फार वेळ लागला. खाली आला तेव्हा ती म्हणाली, "कशाला रे हे, घर तर विकलंय!"

"तुंबलं होतं," तो म्हणाला.

पुढचे सहा आठवडे त्याने तिचे सरपण फोडले, खोकी बांधली, कोंबड्यांचे खुराडे मोडून फळ्या रचून ठेवल्या. न बोलता करता येतील तेवढी सगळी कामे त्याने केली. रोज जाताना ठरवायचा, आज सांगायचे. पेंडलटनचे तीन जण, चर्चमधल्या पाच बाया, खाद्याच्या दुकानातली मुलगी, सगळ्यांना तिने पुस्तिकेचे सांगून ठेवले होते. तो ऐकायचा आणि कुऱ्हाड उचलायचा.

एप्रिलच्या चोवीस तारखेला पुस्तिका आली. व्हर्लिनने आपली टपालपेटी उघडली, ती बघितली आणि तशीच हातात घेऊन चालत आर्डिथच्या घरी गेला. ती टेबलाशी बसली होती. पुस्तिका तिच्यापुढे उघडी होती.

"चार नावं आहेत," ती म्हणाली. "तिघांचे फोटो आहेत. त्यांचं लिहिलेलं आहे. मग तुझं नाव." तिने बोट ठेवून वाचले, एकेक शब्द सुटा करत. "या उमेदवाराने निवेदन दिलेले नाही."

व्हर्लिन दारातच उभा होता.

"तू दिलं नाहीस?"

त्याने सांगितले. तारखेचे, शिक्क्याचे, सगळे. तिने पुस्तिका मिटली.

"कधी कळलं तुला?"

"अकरा मार्चला."

"आज चोवीस एप्रिल."

"हो."

"माझी लाकडं फोडत होतास."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "मी वाचून दाखवतो. सगळं लिहिलंय, आर्डिथ. मी तिथे होतो. फोरमनने मला विचारलं तेव्हा मी—"

"तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, मी लांब होतो." ती उठली आणि शेगडीवरची कॉफी बंद केली. "ड्यूईनं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. तुला काय वाटलं, मला ठाऊक नाही? मला वाचून दाखवून काय उपयोग? मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. रविवारी चर्चमध्ये उभा राहा आणि वाच. मी अजून आठवडाभर आहे."

"वाचतो," व्हर्लिन म्हणाला.

तो त्याच दिवशी पास्टर कॉर्बिनकडे गेला. पास्टर भला माणूस होता, वयाने तरुण. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हे खरं आहे?"

"शब्दन्‌शब्द."

"मग हे बोललंच पाहिजे. पण व्हर्लिन, तू उमेदवार आहेस. मतपत्रिका या आठवड्यात घरोघर जाताहेत. चर्चला एका उमेदवाराला बोलायला उभं करता येत नाही. कायदाच आहे तसा. उद्या बाकीचे तिघे येतील, आम्हालाही बोलू द्या म्हणतील."

"मी मत मागत नाही."

"मला कळतं. लोकांना कळणार नाही. निवडणूक होऊ दे. मेमधला तिसरा मंगळवार. त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः तुला पुढे बोलावतो."

"मला नाव मागे घ्यायचंय."

"छापून झालंय रे ते," पास्टर म्हणाला.

मेच्या एक तारखेला आर्डिथ गेली. व्हर्लिनने खोकी गाडीत चढवली. तिने हात पुढे केला, त्याने हातात घेतला. "वाचून झालं की फोन कर," ती म्हणाली. "कोण काय म्हणालं ते सांग. सगळं."

*

निवडणुकीत व्हर्लिन हॅस्केट चौथा आला. राज्यात एकवीस हजार लोकांनी त्याला मत दिले. एक शब्दही न वाचता त्यांनी ते का दिले, हे त्याला कधी उमगले नाही. त्याने स्वतः मतपत्रिकेवरची ती ओळ कोरी सोडली होती.

रविवारी पास्टरने त्याला पुढे बोलावले. चर्चमध्ये चाळीसेक माणसे होती. व्हर्लिनने चष्मा लावला आणि वाचले. त्याला जास्त वेळ लागला नाही, तीनशे पंचवीस शब्द अडीच मिनिटांत संपतात. आवाज एकदाच अडला, "मी खोटे बोललो" या जागी. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली आणि वर बघितले. माणसे त्याच्याकडे बघत होती. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. लाजही नव्हती. पडलेल्या उमेदवाराकडे बघतात तसे ते बघत होते, जरा दयेने.

"आभार, व्हर्लिन," पास्टर म्हणाला, आणि भजनाच्या पुस्तकाचा पानक्रमांक सांगितला.

नंतर मागच्या सभागृहात पॅनकेक होते. एक बाई म्हणाली, छान बोललास, आधी असं बोलला असतास तर मी मत दिलं असतं. दुसऱ्याने विचारले, पुढच्या वेळी परत उभा राहणार का? ड्यूईचे नाव कोणी काढले नाही. जीन टॉलिव्हर ताट घेऊन शेजारी येऊन बसला. बराच वेळ त्याने एकही थट्टा केली नाही.

"व्हर्लिन," शेवटी तो हळू म्हणाला, "निवडणूक संपली रे. आता गिरणीवाल्यांच्या नावानं बोटं मोडून काय मिळणार? सोडून दे."

"मी निवडणुकीसाठी नव्हतो बोलत."

"बरं बरं," जीन म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थोपटले.

दुपारी त्याने पेंडलटनला फोन लावला. आर्डिथने पहिल्याच घंटीला उचलला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"काय म्हणाले?"

व्हर्लिनने सगळे सांगितले, तिने मागितले होते तसे. त्या बाईचे, पुढच्या वेळी उभा राहणार का त्याचे, जीनचे.

"फर्न काल विचारत होती," आर्डिथ म्हणाली. "म्हणाली, रागवू नकोस, पण ड्यूई खरंच घेत नव्हता ना? पुस्तिकेत काहीच आलं नाही म्हणून तिला वाटलं असेल. माझी सख्खी बहीण."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, नव्हता घेत. पण मी बायको. बायको तेच सांगणार." ती थांबली. मागे ताटल्यांचा आवाज येत होता. फर्न तिथेच, त्याच खोलीत असावी. "ती इथेच आहे," आर्डिथ म्हणाली.

व्हर्लिनला कळले ती कशासाठी थांबली आहे ते. फोन फर्नकडे दे, एवढेच म्हणायचे होते. त्याने तोंड उघडले. चाळीस माणसांचे ते चेहरे पुन्हा समोर आले, दयेने बघणारे, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पेंडलटनला ताटल्या वाजत राहिल्या.

"ठेवते मग," आर्डिथ म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.